क्विनोआ, बरबटी आणि मामाजी

मंडळी, आधीच सांगून टाकते, आज सॅलडवर लिहिते आहे. हसू नका. वऱ्हाडात आणि त्यातून आमच्या बाळापुरात राहून सॅलडवर लिहायचं म्हणजे जरा धाडसच आहे. आमच्याकडे सॅलड म्हणजे ताटाच्या कडेला पडलेला फोडलेला कांदा, एक हिरवी मिरची, हिवाळ्यात मुळा आणि लग्नाच्या पंगतीत काकडीच्या चार चकत्या. तिला जेवण कुणी म्हणत नाही. "सॅलड खाऊन राहिलो" असं कुणी म्हटलं की समोरचा विचारतो, "काहून, पोट बिघडलं काय?"

तरीही गेल्या दिवाळीत आमच्या घरात एक सॅलड झालं, त्यावरून बरंच काही घडलं, आणि ते लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात आहे. नात्यातली मंडळी इथं वाचतात, त्यांना मामाजींच्या तब्येतीची काळजी असते, फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा हे बरं. :-)

तर मामाजी, म्हणजे माझे सासरे. वय एकोणऐंशी. साखरेचा आजार बारा वर्षांपासून. गोळ्या वेळेवर घेतात, चालतात, चहात साखर नाही. पण गेल्या ऑगस्टमध्ये तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी केली आणि आकडा आला ९.४. अकोल्याच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, गोळी वाढवली आणि म्हणाले, "पोळ्या कमी करा. दोन्ही वेळा मिळून तीनच. भात बंद. बटाटा बंद." तीन मिनिटांत आम्ही बाहेर. बाहेर चाळीस माणसं बसली होती, त्यामुळे डॉक्टरांनाही काय म्हणावं.

घरी आल्यावर मामाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी ताट बाहेर ओसरीवर मागवायला सुरुवात केली. आम्ही सगळे आत, ते एकटे बाहेर. दीड पोळी, वाटीभर वरण, थोडी भाजी. तीही कधीकधी परत यायची. भूक लागत नाही म्हणायचे. आत्याबाई गेल्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं, त्यामुळे आधीच त्यांचं जेवणातलं मन उडालेलं. दोन महिन्यांत वजन पाच किलोनं उतरलं. आमचे हे रागवायचे, "बाबा, खात काहून नाई?" आणि मामाजी म्हणायचे, "खाऊन तं राहिलो." मग बापलेकांचं दिवसभर बोलणं बंद. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना हे सांगायला नको. रिपोर्टातला आकडा वाढलेला असतो आणि समोरचा माणूस कमी होत चाललेला असतो, आणि आपण मध्ये सराटा हातात धरून उभ्या!

एकदा रात्री ताट उचलायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाई, डाक्टरनं मले काय खाऊ नोको थे सांगतलं. काय खाऊ थे कोनंच नाई सांगतलं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

दिवाळीला पुतणी आली, मोठ्या जाऊबाईंची लेक. घरात तिला अजून चिमणीच म्हणतात. दोन वर्षं ती अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉनला शिकायला होती, आता पुण्याला नोकरी करते. तिथं असताना रोजच्या डब्यात ती जे न्यायची ते तिनं आजोबांना करून घालायचं ठरवलं होतं. पुण्याहून निघतानाच क्विनोआचं पाकीट आणि राजमा पिशवीत. म्हणाली, "काकू, साउथवेस्टर्न सॅलड करू आबाजींसाठी. एकदम कलरफुल." मी म्हटलं कर बाई, दिवाळीचा चिवडा तर तेही खात नाहीत नि मलाही त्यांच्यासमोर खाववत नाही.

साउथवेस्ट म्हणजे अमेरिकेचा नैर्ऋत्य कोपरा. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासचा काही भाग. वाळवंटी, उन्हाचा, मेक्सिकोला लागून असलेला मुलूख. टुसॉनच्या परिसरात चार हजार वर्षांपासून शेती चालू आहे म्हणतात, आणि २०१५ साली युनेस्कोनं त्या गावाला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. अमेरिकेतलं तसं ते पहिलंच शहर. तिथल्या जेवणाचा कणा म्हणजे मका, शेंगांचे दाणे आणि भोपळा. आमच्याकडच्या भाषेत भुट्टा, घेवडा-राजमा आणि कोहळं. तिथले आदिवासी ही तिन्ही एकाच वाफ्यात लावत. मक्याच्या ताटाला घेवड्याचा वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो आणि कोहळ्याची मोठी पानं जमीन झाकून ओल धरतात, तणाला जागा देत नाहीत. तीन बहिणी म्हणतात त्यांना.

गंमत म्हणजे क्विनोआ त्या मुलखातला नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारावरचा. हजारो वर्षं तिथले लोक तो खात होते आणि बाहेर त्याला कुणी विचारत नव्हतं. मग एकविसाव्या शतकात शहरी लोकांना त्याचा शोध लागला. २०१३ साल संयुक्त राष्ट्रांनी क्विनोआ वर्ष म्हणून साजरं केलं. भाव चढत गेले, २०१४ च्या सुमारास कळस गाठला, सगळीकडे लागवड वाढली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत भाव कोसळले. चिमणीनं हे सांगितलं तेव्हा आमचे हे लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्या कापसासारखंच." खरंच आहे. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं आणि भाव खाली. दुनियेचं लक्ष शेतावर पडणं म्हणजे नेहमी चांगलंच असतं असं नाही.

असो. सॅलडकडे येते.

राजमा रात्री भिजत घातला. पाकिटावर काळा राजमा लिहिलं होतं, तिकडे ब्लॅक बीन्स म्हणतात तोच, जात तीच जी आपल्या घेवड्याची आणि लाल राजम्याची. सकाळी भिजवणीचं पाणी फेकून कुकरला लावला. राजमा कधीही अर्धाकच्चा ठेवू नये हं. कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारं एक द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्यावरच नष्ट होतं. कुकरच्या शिट्यांत ते काम होतं, पण मंद आचेवर तासन्‌तास ठेवून होत नाही.

क्विनोआ धुवायला घेतला तर पाण्याला साबणासारखा फेस. मी घाबरलेच, भेसळ आहे की काय! चिमणी म्हणाली, तो त्याचाच गुण. दाण्यावर सॅपोनिन नावाचा कडू थर असतो, त्यामुळे पाखरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत. चारपाच पाण्यांतून चोळून धुतला, एक वाटी दाण्याला दोन वाट्या पाणी घालून झाकण ठेवलं, पंधरा मिनिटांत शिजला. शिजला की प्रत्येक दाण्यातून बारीक पांढरी शेपटी सुटते. दिसतं मोठं गोड. चव मात्र राजगिऱ्याच्या भावासारखी. आणि आहेच तो त्याच्या नात्यातला! राजगिरा त्याच कुळातला, आणि आपला चाकवत तर त्याचा सख्खा भाऊ, एकाच वंशातला. आपण चाकवताचा पाला खातो, ते लोक त्यांच्या चाकवताचे दाणे खातात, इतकाच फरक.

मग रंग. लाल आणि पिवळी ढोबळी मिरची बाळापुरात मिळाली नाही, ती ह्यांनी अकोल्याहून आणली, पंचवीस किलोमीटरवरून, दोन मिरच्यांसाठी. :-) दोन भुट्टे गॅसवर भाजून त्यांचे दाणे काढले, जरा काळे डाग पडेपर्यंत. कांदा बारीक, भेदरं (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: टोमॅटो) बिया काढून, मूठभर सांबार (पुन्हा त्यांच्यासाठी: कोथिंबीर). वरून दोन लिंबांचा रस, दोन चमचे फल्ली तेल, भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक पाकळी ठेचलेला लसूण, मीठ, चिमूट तिखट. तिकडे त्यात ॲव्होकाडो घालतात. आमच्याकडे तो नव्हता आणि कुणाला त्याची आठवणही आली नाही.

कोपरात सगळं एकत्र केल्यावर मात्र पाहत राहावं असा रंग आला. काळा, पिवळा, लाल, हिरवा, पांढरा. रांगोळीच जणू.

कालवता कालवता माझ्या मनात एक हिशेब चालू होता. यातला मका तिकडचा, राजमा तिकडचा, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि तिखट, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. आमच्या मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला १७५७ साली पुरा झाला. म्हणजे मिरची आली तेव्हा हा किल्लाही नव्हता, आणि आज ठेच्याशिवाय वऱ्हाड ही कल्पना करून बघा! उलट, ज्या वासाला चिमणी 'टिपिकल मेक्सिकन' म्हणते तो वास कशाचा? जिऱ्याचा, कोथिंबिरीचा, लिंबाचा. ही तिन्ही आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलेली. जिरं तर स्पॅनिश लोकांनी नेलं. आपलं आणि त्यांचं ठरवायला बसलो तर ताट रिकामं राहील. आपला एकादशीचा फराळच पाहा ना, साबुदाणा, दाणे, बटाटा, रताळं, राजगिरा, हिरवी मिरची, सगळी पाहुणी मंडळी! आणि भाकर मात्र उपासाला चालत नाही.

जेवायची वेळ झाली. मामाजींचं ताट ओसरीवर न्यायचं की नाही यावर आत कुजबुज झाली. शेवटी चिमणीच वाडगं घेऊन गेली आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. मी दाराआड. त्यांनी चमचा घेतला नाही, हातानंच घास केला. कवळी आहे त्यांना, त्यामुळे सावकाश चावत होते. मग म्हणाले, "हे काय होय?"

"सॅलड, आबाजी. अमेरिकेचं."

"ह्या तं घुगऱ्याच होत, पोरी."

आणि हसले. बऱ्याच दिवसांनी.

नवीन वाचकांसाठी सांगते, घुगऱ्या म्हणजे धान्य किंवा कडधान्य अख्खं शिजवून, मीठ-तिखट घालून खायचं. गहू, ज्वारी, हरभरा, बरबटी, काहीही. बरबटी म्हणजे चवळी. शेतात, सणाला, पाचवीच्या दिवशी, कुठेही चालतात. आणि मग मामाजी बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी ज्वारीच्या वावरात काय काय असायचं ते. ज्वारीच्या तासांमध्ये तुरीचं तास, मध्येच मूग, उडीद, बरबटीचे वेल, धुऱ्यानं अंबाडी, कुठे कोहळ्याचा वेल. "एका वावरात सारं किराना दुकान होतं," म्हणाले. चिमणी माझ्याकडे बघायला लागली. ज्वारी उभी, बरबटी तिच्यात नत्र देणारी, कोहळं जमिनीवर. तीन बहिणी आमच्याही वावरात होत्याच की. नावं तेवढी वेगळी.

"पोयी सनालेच राहे," मामाजी म्हणाले. "बाकी दोन टाइम भाकर. जवारीची. सकाळी कन्या." कण्या म्हणजे ज्वारीचा जाडा भरडा शिजवलेला, ताकासोबत किंवा नुसता. आणि मग ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "जवारी कायले बंद केली आपन?"

हे गप्प झाले. मग त्यांनी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. सोयाबीन शंभर दिवसांत हाती येतं, यंत्रानं निघतं, विकलं की पैसा. ज्वारी कणसात आल्यावर पाखरं राखायला माणूस मिळत नाही. रात्री रानडुकरं. काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडतो, व्यापारी हात लावत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सोयाबीन विदर्भात पसरत गेलं आणि खरिपाची ज्वारी हटत गेली. आमच्याच नाही, गावोगावच्या वावरातून. घरात आधी ज्वारी विकत आणायला लागलो, मग गहू स्वस्त पडला, रेशनवरही मिळाला, पोळी लाटायला सोपी, पोरांना आवडते. सणाची पोळी रोजची कधी झाली ते कुणाला कळलंच नाही. कुणी ठरवून केलं नाही. एकेका वर्षाचा हिशेब बरोबरच होता, तीस वर्षांचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

रात्री चिमणीनं मला टुसॉनच्या आसपासच्या आदिवासींची गोष्ट सांगितली. ती ऐकून मला नीट झोप लागली नाही. तिथं ओ'ओडम नावाचे लोक आहेत. वाळवंटात राहणारे ते टोहोनो ओ'ओडम आणि नदीकाठचे ते अकिमेल ओ'ओडम, ज्यांना बाहेरचे लोक पिमा म्हणतात. त्यांचं एक कडधान्य आहे, टेपरी. आपल्या मटकीसारखं चिवट, एखाद-दोन पावसांवर येणारं. पिमा लोक हिला नदीच्या पाण्यावर शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते पाणी वळवलं. शेतं सुकली. पुढे सरकारी शिधा आला. पांढरं पीठ, साखर, चरबी. आणि विसाव्या शतकात त्याच लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी एक झालं. १९६५ पासून अमेरिकन शास्त्रज्ञ तिथं जाऊन अभ्यास करत आले. सुरुवातीला बोलणं असायचं की यांचं रक्तच तसं. पण सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात त्यांचेच भाऊबंद पिमा राहतात, अजून पुष्कळसं जुन्या पद्धतीनं शेती करून, अंगमेहनत करून, मका-घेवडा खाऊन. २००६ साली दोघांची तुलना छापून आली. डोंगरातल्या पिमांमध्ये मधुमेह सुमारे ७ टक्के, अमेरिकेतल्यांमध्ये ३८ टक्के. रक्त जवळपास तेच. ताट वेगळं आणि दिवस वेगळा. आता ओ'ओडम लोकांतले काहीजण पुन्हा टेपरी पेरताहेत, शाळेच्या जेवणात, घरात आणताहेत.

मी अंधारात हिशेब करत बसले. आमच्या गल्लीत साखरेच्या गोळ्या घेणारी घरं किती? बोटं पुरली नाहीत.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर उद्या कुणीतरी मावशी फोन करून म्हणेल की तू लिहिलंस म्हणून मी गोळ्या सोडल्या. ज्वारी हे औषध नाही. क्विनोआही नाही. शंभर ग्रॅम कोरड्या क्विनोआत प्रथिनं १३-१४ ग्रॅम, ज्वारीत साधारण १०, पण दोन्हींत मोठा वाटा पिष्टाचाच, म्हणजे शेवटी साखरेचाच. भाकरी चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. फरक पडतो तो वाडग्यात निम्मं कडधान्य असल्यानं, भाजी भरपूर असल्यानं, दाणा अख्खा किंवा जाडाभरडा असल्यानं, सावकाश चावून खाल्ल्यानं. आणि एकूण प्रमाणानं. मी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मामाजींच्या किडनीचा रिपोर्ट पाहिला, तो ठीक होता, म्हणून कडधान्याला हो म्हणाले. ज्यांच्या किडनीचा त्रास आहे त्यांनी विचारल्याशिवाय हे करू नका. गोळ्या आहेत तशाच चालू.

चिमणी पुण्याला परत गेली, क्विनोआ संपला. तो आता राजस्थानातही पिकतो, ऑनलाइन मागवता येतो, पण भाव पाहून मी ठरवलं की पाहुणा पाहुण्यासारखाच येऊ दे. त्याच्या जागी ज्वारीच्या कण्या घातल्या. अख्खी ज्वारी भिजवून कुकरला लावून पाहिली होती, पण ती कवळीला दाद देईना. कण्यांचं जमलं. राजम्याच्या जागी बरबटी, ढोबळीच्या जागी वाफवलेलं कोहळं आणि किसलेलं गाजर. भुट्टा असेल तर भुट्टा, डिसेंबरात तुरीचे सोले. लिंबू, जिरं, सांबार, फल्ली तेल तेच.

कृती विचारणाऱ्यांसाठी, चार माणसांना: एक वाटी कण्या धुऊन, निथळून, चमचाभर तेलावर गंजात परतायच्या, मग दोन वाट्या उकळतं पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर वीसेक मिनिटं. परातीत पसरून पूर्ण गार करायच्या, नाहीतर गोळा होतो. दीड वाटी शिजलेली बरबटी, दाणा अख्खा राहिलेला. एक वाटी कोहळ्याच्या बारीक फोडी, एक वाटी सोले किंवा भुट्ट्याचे दाणे, एक गाजर, दोन भेदरं, एक कांदा. वरून रस-मसाला. अर्धा तास मुरू द्यायचं. जवसाची चटणी वरून भुरभुरली तर आणखी छान. ती अमेरिकेत घालत नाहीत, त्यांचं नशीब.

आता आठवड्यातून चार रात्री मामाजींचं हेच जेवण. त्यासोबत एक भाकर, तीही ज्वारीची, विकत आणलेल्या. ह्यांच्या मावशीनं भाकरी थापायला शिकवलेली सून म्हणून माझा जुना मान परत आला, हा वरचा फायदा. :-) पहिल्या आठवड्यात घरच्या यंत्रावर जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजली. पोळी-वरणाच्या दिवशी २३८ आली होती, कण्यांच्या दिवशी १८१. एका दोन दिवसांच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण मामाजींनी तो १८१ कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवला. फेब्रुवारीत पुन्हा ती तीन महिन्यांची तपासणी केली. ८.१. वाढवलेल्या गोळीचाही त्यात वाटा असणार, डॉक्टर तसं म्हणाले. पण वजनही दोन किलोनं परत आलं होतं, आणि ते गोळीनं आलेलं नाही.

मला मात्र आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. 'हे नको' या यादीनं एक माणूस आमच्या पंगतीतून उठून ओसरीवर गेला होता. तो 'हे खा' म्हटल्यावर परत आला. सॅलड झालं त्याच्या चौथ्या दिवशी मामाजी स्वतःच पाट घेऊन आत आले, कुणी बोलावलं नाही. आम्हीही काही बोललो नाही, फक्त सरकून जागा केली. त्या जेवणात ते कण्यांना मीठ कमी आहे म्हणाले. आत्याबाई गेल्यापासून त्यांनी जेवणाला नाव ठेवलेलं नव्हतं. तक्रार ऐकून मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

राहिली ज्वारी. मामाजींचं म्हणणं, येत्या मृगात दोन एकर टाकू. ह्यांचं म्हणणं, दोन एकर डुकरांना घालायला आपण काय धर्मादाय काढला आहे का? गेले दोन महिने रोज रात्री जेवताना हीच चर्चा. पण चर्चा आहे, भांडण नाही, आणि ती एकाच पंगतीत बसून होते आहे. सध्या बोलणं घराजवळच्या वावरातल्या आठ तासांवर आलं आहे, दोन ज्वारीच्या तासांमध्ये एक बरबटीचं, धुऱ्याला अंबाडी. तेवढी पाखरं मी बसून राखीन असं मामाजी म्हणतात. ह्यांनी हो म्हटलेलं नाही. पण परवा अकोल्याला गेले होते तेव्हा कृषी विद्यापीठात ज्वारीचं बियाणं कधी मिळतं ते विचारून आले. मला सांगितलं, बाबांना सांगू नको म्हणाले.

मामाजी हे वाचत नाहीत, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही. तुम्हीही फोनवर बोलू नका म्हणजे झालं.